फौजी आप्पांचं टपाल : शेवटच्या पुलाआधीची गाडी

प्रश्न : आप्पा, नातवाशी वाद झालाय. तो म्हणतो, लढाईत मागे आले म्हणजे हरले. मांगे सरनं म्हंजे पयनंच ना? (एक वाचक, साक्री)

उत्तर : मी मेडिकल कोअरचा. नोकरीभर बंदुकीपेक्षा स्ट्रेचरच जास्त उचललं, म्हणून माझं मापही तेच. मागे येताना जखमी बरोबर आले का? आले असतील तर ती माघार. नातवाला कोरिया सांगा.

नोव्हेंबर १९५० च्या शेवटी चिनी फौजांनी मोठा हल्ला चढवला आणि संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याला उत्तर कोरिया सोडावा लागला. तिथे आपली ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्स, म्हणजे लष्कराचा फिरता दवाखाना, नुकतीच पोचली होती, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. राजधानी प्योंगयांग खाली करायचा हुकूम आला, पण सामान न्यायला गाड्याच नाहीत. जाळून टाका आणि निघा, असं सांगणारे होते. पण औजारं जाळून निघालेला दवाखाना पुढे करणार काय? शोधाशोध केली तर एक वाफेचं इंजिन आणि काही डबे सापडले. त्यांच्यातल्या दोघांना इंजिन थोडंफार चालवता येत होतं. बाकीच्यांनी रांग लावून बादल्यांनी पाणी भरलं.

हे वाचताना मला वडील आठवतात. ते भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. बॉयलरला किती पाणी लागतं हे मी लहानपणी डबा द्यायला जाताना पाहिलंय. बादलीने भरायचं म्हणजे विहिरीत चूळ टाकण्यासारखं. तरी भरलं, सामान चढवलं आणि नदीवरचा शेवटचा पूल उडवण्याआधी गाडी पार केली. रंगराजना पुढे महावीरचक्र मिळालं.

त्याच दिवसांत पूर्वेकडे चोसिन तलावाजवळ अमेरिकी मरीन, म्हणजे त्यांचे दर्यावर्दी सैनिक, वेढले गेले होते. समुद्राकडे जायला एकच अरुंद घाटरस्ता, पारा उणे ३० च्या आसपास. अशा रस्त्यावर गाड्या वाचवायच्या तर आधी दोन्ही बाजूंचे डोंगर धरावे लागतात. वरचे मोर्चेवाले लढत बसतात, खालून ट्रक सरकतात, आणि वरचे सगळ्यात शेवटी उतरतात. त्या शेवटच्यांचं काम मला कुणी दिलं असतं तर पाय लटपटले असते, खरं सांगतो. चिन्यांनी घाटातला पूल उडवला, तर विमानातून पॅराशूटने पुलाचे तुकडे टाकले, एकेक टनाच्या वरचा. चार हजारांहून जास्त जखमी गोठलेल्या जमिनीवर खरडून केलेल्या धावपट्टीवरून विमानाने गेले. २४ डिसेंबरला हुंगनाम बंदर रिकामं झालं, तोवर सुमारे एक लाख सैनिक आणि जवळपास तेवढेच गावकरी जहाजांनी नेले होते.

उलट उदाहरण घरचंच आहे आणि दुखतं. चीनशी झालेल्या युद्धात १७ नोव्हेंबर १९६२ च्या रात्री आपण अरुणाचलातल्या सेला खिंडीचा मोर्चा सोडला, तोवर शत्रू मागच्या रस्त्यावर येऊन बसला होता. पलटणी वाटेतच विस्कटल्या. दोष जवानांचा नव्हे. हुकूम उशिरा आला आणि अर्धवट आला, असं माझं मत.

प्रश्न : एवढ्या थंडीत इंजेक्शनं चालतात का? (रावेर)

उत्तर : नाही. तुमच्याकडे पारा उतरला की केळीला चरका बसतो आणि बांधावर रात्रभर धूर करता ना, तसंच औषधाला जपावं लागतं. चोसिनला रक्तद्रवाच्या बाटल्या गोठल्या. वेदनाशामक मॉर्फिनच्या नळ्या कोअरमन, म्हणजे मरीनांबरोबरचे मलमपट्टीवाले, तोंडात धरून पातळ ठेवत. जखमीचे कपडेही फाडायची सोय नव्हती, उघडा पडला तर थंडीनेच गेला असता.

मी स्वतः हिवाळ्यात द्रासला असताना एकदा सलाईनची पेटी बंकरच्या दाराशी विसरलो. सकाळी दोन बाटल्या तडकलेल्या. हवालदारसाहेब काही बोलले नाहीत, फक्त फुटलेली बाटली माझ्या हातात ठेवली. त्या रात्रीपासून माझ्या स्लीपिंग बॅगेत सहा बाटल्या माझ्याबरोबर झोपू लागल्या. कूस बदलली की कमरेत टोचायच्या.