वाचकांचे प्रश्न : उपदेशक फिनी आणि गुलामगिरी

प्रश्न : आमच्या मंडळीत नुकत्याच झालेल्या व्याख्यानात, चार्ल्स फिनी या अमेरिकन उपदेशकाने गुलामगिरी संपवली, असे सांगण्यात आले. लोकांना पश्चात्तापासाठी पुढे बोलावणाऱ्या माणसाचा समाजसुधारणेशी काय संबंध? मुंबईतील अमेरिकन मराठी मिशन त्यांच्याच प्रेरणेने आले का? (एक वाचक, भायखळा)

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : नाही. मिशनचे पहिले कार्यकर्ते १८१३ मध्येच मुंबईत उतरले होते. फिनी यांचे हृदयपरिवर्तन १८२१ चे, आणि तोवर ते न्यूयॉर्क राज्यातील ॲडम्स या गावी वकिलीच्या व्यवसायात होते.

ती वकिली पुढे त्यांच्या उपदेशात उतरली. जुन्या कॅल्व्हिनपंथी (धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांना अनुसरणाऱ्या प्रोटेस्टंट) शिकवणीत तारण, म्हणजे पापापासून सुटका, हा सर्वस्वी देवाच्या निवडीचा विषय होता. फिनी मात्र श्रोत्यांना ज्युरी समजून युक्तिवाद करीत की पाप हे माणसाचे स्वतःचे कृत्य आहे, म्हणून ते सोडण्याचा निर्णय त्याने आज, इथेच घेतला पाहिजे. १८३०-३१ मध्ये रॉचेस्टर शहरात त्यांच्या सभा महिनोन्‌महिने चालल्या. अस्वस्थ झालेल्यांसाठी पुढे राखलेला बाक आणि स्त्रियांनी पुरुषांदेखत केलेली प्रार्थना अनेक पाळकांना खटकली, तरी आपल्याकडच्या संजीवन सभांतही ऐकू येणारी ‘पुढे या’ ही हाक रूढ होण्यात त्या बाकाचा मोठा वाटा आहे.

आता गुलामगिरी हे पाप मानले, की ‘हळूहळू सोडू’ ही सवलत तिलाही उरत नाही. फिनी यांच्या प्रभावाखाली आलेले थिओडोर वेल्ड आणि न्यूयॉर्कचे व्यापारी टॅपन बंधू यांनी हाच तर्क तत्काळ मुक्तीच्या चळवळीत नेला. स्वतः फिनी यांनी गुलाम बाळगणाऱ्यांना प्रभुभोजन, म्हणजे मंडळीतील भाकर-द्राक्षारसाचा पवित्र विधी, नाकारले. १८३५ मध्ये ते ज्या ओबर्लिन महाविद्यालयात शिकवू लागले, तिथे त्याच वर्षी कृष्णवर्णीयांना प्रवेश खुला झाला आणि १८३७ मध्ये स्त्रिया पदवीच्या अभ्यासक्रमात दाखल झाल्या.

तरीही ‘गुलामगिरी संपवली’ हे श्रेय मला फार वाटते. चळवळीच्या गदारोळात आत्म्यांच्या तारणाचे काम मागे पडेल, अशी भीती त्यांना होती व त्यावरून वेल्ड यांच्याशी त्यांचा मतभेदही झाला. न्यूयॉर्कमधील त्यांच्या उपासनास्थानी कृष्णवर्णीयांची आसने वेगळी राहावीत, हीच त्यांची भूमिका होती. ‘पाप आजच, इथेच सोडा’ हा त्या बाकामागचा तर्क त्यांच्या अनुयायांनी त्यांच्याहून पुढे नेला, पण ओबर्लिनमध्येही तो सर्वत्र पोहोचला नाही : अँटॉइनेट ब्राउन यांनी १८५० मध्ये तिथला धर्मशास्त्राचा अभ्यासक्रम पूर्ण केला, पण स्त्री म्हणून त्यांना पदवी दिली गेली नाही.