इंटरव्ह्यूत अडलो तर?

दर वर्षी पोरं हा प्रश्न घेऊन येतातच, की मॅडम, विचारलं आणि आलंच नाही तर? यंदा जो आला त्याला आपण ओंकार म्हणू (नाव बदललंय, लिहा म्हणून त्यानेच सांगितलं). राहायला ऐरोलीला, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, बंगळुरूच्या एका मोठ्या टेक कंपनीत रिसर्च इंटर्नशिपचा इंटरव्ह्यू लागलेला आणि झोप उडालेली. ट्रान्स हार्बरने ठाण्याला उतरून नौपाड्यात माझ्याकडे आला तेव्हा सोबत आई, "धड जेवत नाहीये हो हा".

तयारी काय केलीस विचारलं तर कोडिंगचे तीनशे प्रॉब्लेम सोडवलेत, ट्रान्सफॉर्मर नावाच्या एआय रचनेचा २०१७ चा संशोधन पेपर घोकलाय. म्हटलं, बरं, तुझ्या प्रोजेक्टचं सांग. "ते काय, ते झालंय ना, रेझ्युमेवर आहे."

इथेच गाडी अडते बघा. आईवडिलांना वाटतं ऐरोलीच्या आयटी पार्कात फ्रेशर्सची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट असते तसलंच हे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चची बंगळुरूची लॅब २००५ पासूनची, गूगलनेही २०१९ मध्ये तिथे रिसर्च लॅब काढली, अशा ठिकाणी कोडिंग विचारतीलही, पण ज्याच्या हाताखाली काम करायचं तो संशोधक बहुतेकदा स्वतः बोलतो आणि तुमच्याच कामात खोल शिरतो. हेच का केलं, आधी साधी पद्धत लावून बघितली का, आकडा खरा कशावरून.

ओंकारचा प्रोजेक्ट म्हणजे एक एआय मॉडेल, मराठीत बोललेले आकडे ओळखतं. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, जिथे आपलीच पोरं गडबडतात तिथे हे म्हणे ९६ टक्के बरोबर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही म्हणून मी आपली विचारत गेले, आवाज कुणाचे? बावीस जणांचे, मित्र, आजी, शेजारचे काका. मग तपासायला वेगळी माणसं घेतलीस ना?

"नाही... सगळ्या क्लिप मिक्स करून ८०-२० केल्या, ८० टक्के मॉडेलला शिकवायला, २० तपासायला." म्हणजे आजीचा आवाज शिकवणीलाही आणि पेपरलाही!

घरी जाऊन माणसं वेगळी काढून परत चालवलं, ९६ चे ७१ झाले. रात्री साडेअकराला मेसेज, मॅडम संपलं सगळं, हे लपवू का? खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं कशाला बोलायचं. पण लपवून पूर्ण वेळ धाकधुकीत बसण्यापेक्षा तूच आधी सांग आणि रेझ्युमेवरचा आकडाही बदल, असं सांगितलं. आईला काम लावलं, रोज जेवताना प्रोजेक्ट ऐकायचं आणि दर वाक्याला फक्त "का?" विचारायचं. त्या माऊलीने एवढं मनावर घेतलं की चौथ्या दिवशी हा वैतागून हसायला लागला. "हे मला माहीत नाही, पण असं शोधून बघेन" हे वाक्यही मान खाली न घालता म्हणायची प्रॅक्टिस केली.

इंटरव्ह्यूत कोडिंगला अर्ध्यात अडला, तसं सांगितलं. उरलेला वेळ त्या ७१ वरच गेला, कुठले आकडे जास्त चुकतात, का चुकतात, आणि ही यादी त्याच्याकडे तयार होती, बोलता बोलता वेळ कधी संपली कळलंच नाही म्हणे.

सिलेक्शन नाही झालं. दोन दिवस खोलीबाहेर आला नाही, आईचा फोन आला होता, मी म्हटलं राहू दे त्याला.

मागच्या आठवड्यात अपॉइंटमेंट न घेताच हजर, हातात मोबाईल. आता एकेचाळीस जण झालेत, पुढच्या अर्जाच्या आत साठ करायचेत. "मॅडम, एकोणऐंशी म्हणा." म्हटलं. तर म्हणे, तुम्ही एकोणनव्वद म्हणालात, परत घेऊ.