पुण्याहून एकट्याने बाईकवर रत्नागिरीकडे जायचंय. हायवे टाळून कुठला रस्ता?

चांदणी चौकातून पौड, मुळशी, मग ताम्हिणी उतरून माणगाव. तिथून म्हसळामार्गे हरिहरेश्वर. खरी मजा पुढे: बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत घालायची आणि वेसवीला उतरायचं. मग केळशी, आंजर्ले, दापोली. दाभोळ-धोपावे ही दुसरी बोट, गुहागरनंतर तवसाळ-जयगड तिसरी. शेवटची बोट चुकली तर खाडीला भलामोठा वळसा पडतो, म्हणून जेट्टीवर उजेडी पोचा.

एका दिवसात उरकू नका, दोन मुक्काम ठेवाच. रस्ता अरुंद आहे, वळणावर एसटी अचानक समोर येते. हॉर्न द्यायला लाजू नका. टाकी पिरंगुटलाच फुल करा. पंक्चर किट घ्या आणि ते वापरायला घरीच शिका (मी केळशीच्या अलीकडे भर उन्हात शिकलो).