पत्र सरांचं, अक्षर लेकीचं

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत शिक्षक आहे. वय ५३. पाच वर्षांपूर्वी मला पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, निदान झालं. मुलगी बारावी सायन्सला आहे. दहावीला ९२ टक्के होते, अकरावीला ७१ वर आली. तिने स्टेम सेलच्या (मूळपेशींच्या) संशोधनात जावं आणि या आजारावर इलाज शोधावा, अशी माझी इच्छा आहे. नीटचा आग्रह नाही. बायोटेक्नॉलॉजी कुठून करावं? मधूनच ती सीए व्हायचं म्हणते, पण ते भावनेच्या भरात. दुसरं असं, की एका क्लिनिकने स्टेम सेल उपचाराचे साडेसहा लाख सांगितले आहेत. तिच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी त्यासाठी मोडावी का? (मूळ पत्र सात पानी आहे, इथे सारांश दिला आहे.)

सर,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं ते फक्त अक्षरासाठी.

पहिलं पान सुरेख आहे. शाळेच्या फळ्यावरचा सुविचार वीस वर्षं तुम्हीच लिहायचात, हे तुम्ही सांगितलं नसतं तरी कळलं असतं. दुसऱ्या पानावर ओळ सुरू होताना अक्षर ठीक असतं आणि समासापर्यंत पोचेतो मुंगीएवढं होतं. तिसऱ्या पानाच्या मध्यावर तुम्ही लिहिलंत, "गोळीचा अंमल उतरला, पुढचं मुलगी लिहील." आणि तिथून निळ्या जेल पेनाचं गोल, ठसठशीत अक्षर सुरू होतं, ते शेवटपर्यंत.

"मधूनच ती सीए व्हायचं म्हणते, पण ते भावनेच्या भरात." सर, हे वाक्य पाचव्या पानावर आहे. म्हणजे तिच्या अक्षरात आहे.

तुम्ही आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घातलंत. त्या दिवशी स्वतःच्या मुलीला तिच्याच विरुद्धचं वाक्य घातलंत आणि तिने ते एकही चूक न करता उतरवून घेतलं. खाडाखोड नाही, शाई फुटलेली नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी कशाची वाटली असेल तर याची. ७१ टक्क्यांची नाही.

त्या टक्क्यांचं तर उत्तर तुमच्याच पत्रात आहे. सकाळी सहाची गोळी ती देते. दहाची डब्यात काढून ठेवते. दुपारी दोनच्या गोळीसाठी ती कॉलेजातून फोन करते. गोळी आणि जेवण यांत अंतर राहावं, डाळ किंवा दूध गोळीच्या वेळेत येऊ नये, हेही तीच बघते. रात्री कूस बदलता आली नाही तर हाक तिलाच जाते. हे सगळं तुम्ही कौतुकाने लिहिलंय आणि पुढच्याच परिच्छेदात विचारलंय की मार्क का घसरले. सर, वर्गातल्या एखाद्या मुलीबद्दल हे कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही तिच्या घरी गेला असतात.

थोरला मुलगा चाकणला नोकरीला आहे असं दोन ओळींत येतं. त्याला इलाज शोधायला सांगितलेलं दिसत नाही. गोळ्यांचं वेळापत्रकही त्याच्याकडे नाही. शनिवार-रविवारच्या गोळ्या आणि रात्रीच्या हाका त्याच्याकडे द्या. ही विनंती आहे, पण तुम्ही ती सूचना म्हणून घेतलीत तरी चालेल.

आता भावनेच्या भराबद्दल. करिअर सल्ल्याच्या या कामात मी बरीच वर्षं आहे. भावनेच्या भरात नाटकात जाणारी मुलं पाहिली, सैन्यात जाणारी पाहिली, एकजण तर भावनेच्या भरात मधमाश्या पाळायला गेला. भावनेच्या भरात सीए होणारी मुलगी मात्र अजून भेटायची आहे. उलट, चौथ्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात, की आयकरात पार्किन्सन्सच्या उपचारखर्चाची वजावट मिळू शकते, हे मुलीनेच शोधून काढलं. त्यासाठी अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचा तज्ज्ञ डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि नव्या करप्रणालीत गेलात तर ही वजावट नाही. हे बारकावेही तिने तुम्हाला समजावले. वैद्यकीय बिलांच्या प्रतिपूर्तीची फाइल तीच लावते. सर, सतरा वर्षांच्या मुलीने आयकराचा नियम वाचावा, त्यातली अट हेरावी आणि बापाच्या फॉर्म १६ ला लावून बघावी, याला आमच्या धंद्यात कल म्हणतात. कलचाचणीसाठी लोक माझ्याकडे पैसे भरतात. तुमच्या घरी ती फुकट झाली आणि तुम्ही निकाल बघितला नाहीत.

बायोटेक्नॉलॉजीचं विचारलंत म्हणून एका दमात सांगतो. बारावीनंतर आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधनाची केंद्रीय संस्था, त्यासाठी आयएटी ही परीक्षा; नाहीतर चांगल्या कॉलेजातून बीएस्सी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती आणि पीएचडी. आपल्याकडे पुण्यात आयसर आहे, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था आहे, आणि बंगळुरूला इनस्टेम तर याच विषयाला वाहिलेली. माहिती एवढीच, आणि ती कुठेही मिळते.

जे सहसा कुणी सांगत नाही ते असं. पोरगी शिकेल, प्रयोगशाळेत जाईल आणि औषध घेऊन घरी येईल, हे चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे. १९८७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत गर्भातल्या पेशींचं रोपण सुरू झालं, तेव्हा तिथल्या लोकांनाही इलाज हाताशी आला असं वाटलं असेल. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचा निकाल आला. ४० रुग्ण होते, निम्म्यांच्या मेंदूत पेशी सोडल्या आणि निम्म्यांच्या कवटीला नुसती भोकं पाडून टाके घातले, कुणाला काय मिळालं हे कळू नये म्हणून. ज्या मापावर चाचणी तोलायची होती त्यावर दोन्ही गटांत ठोस फरक निघाला नाही. पेशी मिळालेल्यांपैकी काहींना पुढे औषध कमी करूनही न थांबणाऱ्या अनैच्छिक हालचाली सुरू झाल्या. मग २००६ मध्ये जपानमधल्या क्योतोच्या शिन्या यामानाकांनी उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशी मूळपेशींच्या, म्हणजे ज्यांपासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी घडवता येतात त्या अवस्थेत परत नेल्या. त्यांना २०१२ मध्ये नोबेल मिळालं. तशा पेशींपासून डोपामिन (पार्किन्सन्समध्ये मेंदूत कमी पडतं ते रसायन) बनवू शकणाऱ्या पेशी घडवून त्या क्योतोतच पहिल्या रुग्णाच्या मेंदूत सोडायला २०१८ उजाडलं, आणि सात रुग्णांचा दोन वर्षांचा अहवाल 'नेचर'मध्ये छापून आला एप्रिल २०२५ मध्ये. सात रुग्ण, सर. गंभीर दुष्परिणाम नाहीत, मेंदूत डोपामिन तयार होताना दिसतंय, काहींची हालचाल सुधारली. बातमी आनंदाचीच आहे. त्याच वेळी अमेरिकेतून १२ रुग्णांचा असाच अहवाल आला, आणि त्या पेशींची पुढची, मोठी चाचणी आता सुरू आहे. पण १९८७ ते २०२५ हा हिशेब करा. अडतीस वर्षं होतात. त्यात हजारो माणसं खपली, आणि त्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला एखादं प्रथिन, एखादी उंदराची जात, एखादा फसलेला प्रयोग आला. तुमची मुलगी आज सतरा वर्षांची. पीएचडी होईतो अठ्ठावीस, स्वतःचं काम सुरू करीतो बत्तीस-तेहतीस. तेव्हा तुम्ही सत्तरीला टेकलेले असाल. तिला संशोधन आवडत असेल तर हा काळ मजेत जातो. जेआरएफला महिन्याला ३७ हजार मिळतात, पोट भरतं. पण ती जर तुम्हाला बरं करायला तिथे गेली असेल, तर प्रत्येक फसलेला प्रयोग घरी तुमच्यापर्यंत येईल. संशोधनात दहातले आठ दिवस फसण्याचेच असतात. पेशींच्या बशीत तिला बाबा दिसायला लागले, तर ती ना धड संशोधन करेल ना धड झोपेल.

इलाजाची आशा तुम्ही जरूर धरा. मीही धरीन. फक्त ती तिच्या प्रवेश अर्जावर लिहू नका.

एफडी मोडू नका. हे मी करिअर सल्लागार म्हणून सांगतोय, कारण ती तिच्या शिक्षणाची आहे. उपचाराचा प्रश्न तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना विचारायचा, पण क्लिनिकचं माहितीपत्रक तुम्ही सोबत जोडलंत म्हणून बोलतो. पोटाच्या चरबीतून पेशी काढायच्या, पाठीच्या कण्यात इंजेक्शनने सोडायच्या, तीन वेळा. क्योतोत जे झालं त्याचा आणि याचा फक्त नावापुरता संबंध आहे. तिथे महिनोन् महिने प्रयोगशाळेत पेशी घडवल्या, तपासल्या आणि शस्त्रक्रिया करून मेंदूतल्या नेमक्या जागी ठेवल्या. भारतात आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं रोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. बाकी जे काही व्हायचं ते मंजूर आणि नोंदणी झालेल्या चाचणीतच, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे कुणी साडेसहा लाख मागितले, तर ती चाचणी नाही हे मागणीतच कळलं. शिवाय "या महिन्यात नोंदणी केल्यास ५० हजारांची सवलत." मेंदूच्या उपचारावर फ्रिज-टीव्हीसारखी महिनाअखेरची सूट असते, हे मला तुमच्या माहितीपत्रकातून कळलं.

माझ्या थोरल्या मामांच्या पक्षाघातानंतर आम्हीही अशाच एका ठिकाणी पैसे भरले होते. सुशिक्षित घर आमचं. मामी ती पावती अजून देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवते. पावतीवर स्टेम सेल हा शब्दच नाही. 'डे केअर चार्जेस' लिहिलंय.

एक गोष्ट तुमच्या नोकरीची. हात थरथरतो, फळ्यावर लिहिता येत नाही, म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा विचार आहे असं सहाव्या पानावर ओझरतं आलंय. घाई करू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत पार्किन्सन्स आहे, आणि सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना आलेल्या अपंगत्वामुळे कर्मचाऱ्याला काढता येत नाही, असं त्याचं विसावं कलम म्हणतं. तुमच्या अनुदानित शाळेला ते कसं लागू होतं, हे शिक्षक संघटनेच्या माणसाला नीट विचारा. किंवा मुलीला वाचायला द्या, दोन दिवसांत तुम्हाला टिपण मिळेल. पगार चालू राहिला तर तिच्यावरचा निम्मा भार तसाच उतरतो.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईतून पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी काम करते. तिथे तुमच्यासारखी माणसं भेटतील, व्यायाम होईल, आणि सातव्या पानावर तुम्ही जे रात्रीचे विचार मुलीकडून लिहून घेतलेत, ते बोलायला तिच्याखेरीज कुणीतरी मिळेल. ते पान मी इथे छापत नाही. ते तिने लिहायला नको होतं, एवढंच म्हणतो.

सीएबद्दल थोडं. सायन्सच्या मुलांना फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, बसता येतं, त्यासाठी कॉमर्स लागत नाही. गणित आणि संख्याशास्त्राचा एक पेपर असतो, त्याची तिला भीती दिसत नाही. निकाल कमी लागतो, नापास होऊन परत बसणारी मुलं ढिगाने असतात, त्याची मनाची तयारी घरात सगळ्यांनी करायची. बीकॉम जोडीला करायचं तर सायन्सवाल्यांच्या प्रवेशाचे नियम त्या-त्या विद्यापीठाचे बघून घ्या. तिला खरंच सीएच व्हायचंय का, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. तुम्ही तिला विचारलेलं पत्रात कुठे दिसत नाही. कदाचित विचारल्यावर ती म्हणेल, मला पेशींवरच काम करायचंय. तसं असेल तर आयसरच्या तयारीची पुस्तकं मी स्वतः पाठवतो.

तेव्हा पुढचं पत्र तिचं येऊ दे. तुम्ही खोलीत नसताना लिहिलेलं. तुम्हाला लिहावंसं वाटलं तर दुरेघी वही घ्या, पहिलीतल्या मुलांची असते ती. आखलेल्या दोन रेघांत अक्षर मोठं राहायला मदत होते, याचा अनुभव पार्किन्सन्सच्या बऱ्याच रुग्णांना आहे. गोळी लागू असेल त्या वेळेत लिहा, आणि अंमल उतरला की पेन खाली ठेवा. उरलेलं दुसऱ्या दिवशी लिहा, मला घाई नाही.