घरून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काम: आधी ते पोर्ट बंद करा

प्रश्न: आमचं सहा कॉम्प्युटरचं छोटं ऑफिस आहे. हिशेबाचं सॉफ्टवेअर एकाच मशीनवर आहे. महिन्यापूर्वी ओळखीच्या एकाने राउटरमध्ये ३३८९ पोर्ट उघडून दिलं आणि घरून रिमोट डेस्कटॉप सुरू झालं. आता रोज सकाळी अकाउंट लॉक झालेलं असतं. पासवर्ड कुणी बदललेला नाही. काय करावं?

उत्तर: पुढचं वाचण्याआधी राउटरमधलं ते पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला थेट त्या मशीनपर्यंत पोचवणारी वाट, काढून टाका. घरचं काम दोन दिवस अडलं तरी चालेल.

अकाउंट लॉक होतंय, कारण रात्रभर कुठला तरी प्रोग्रॅम तुमचा पासवर्ड शोधत बसलेला असणार. इंटरनेटवर उघडी पोर्टं हुडकत फिरणारे असे प्रोग्रॅम अहोरात्र चालू असतात. खात्री करायची तर त्या मशीनवर इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडा आणि सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ नंबरच्या नोंदी बघा. फसलेलं प्रत्येक लॉगिन तिथे सापडतं. एका ऑफिसात मी हा लॉग उघडला तेव्हा नोंदींची रांग संपता संपेना. ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट आणि मग चक्क मालकांचं नाव. ते ऑफिसच्या ईमेल पत्त्यातच होतं, तिथूनच उचललं असावं. पोटात गोळा आला माझ्या.

त्याच लॉगमध्ये ४६२४ च्या नोंदीही तपासा. ही यशस्वी लॉगिनं. अवेळी, अनोळखी पत्त्यावरून, लॉगिन प्रकार १० (म्हणजे रिमोट डेस्कटॉपवरून झालेलं) अशी एक जरी सापडली, तरी मशीनची नेटवर्क केबल काढा आणि जाणकाराला बोलवा. मग बाकी सगळं नंतर.

'३३८९ ऐवजी दुसरा नंबर द्या' असा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका, नवा नंबरही शोधून काढतात. नुसता मजबूत पासवर्डही पुरत नाही. मे २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्येच 'ब्लूकीप' नावाची फट सापडली होती, तिला पासवर्ड लागतच नव्हता. मायक्रोसॉफ्टने तेव्हा सपोर्ट संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती.

तुम्हाला हवं आहे व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसपर्यंत जाणारी कुलूपबंद खासगी वाट. आधी व्हीपीएनने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायचं, मग आतून रिमोट डेस्कटॉप. राउटरमध्ये वायरगार्ड या प्रकारच्या व्हीपीएनची सोय असेल तर तेच घ्या. ओळखीची किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. किल्ली मात्र प्रत्येकाची वेगळी करा. कुणाचा लॅपटॉप हरवला तर तेवढीच काढून टाकता येते. राउटरमध्ये पीपीटीपी हा जुना व्हीपीएन प्रकार दिसला तर त्याच्या वाटेला जाऊ नका, ते केव्हाच मोडीत निघालंय.

तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग चाललं, म्हणजे तुमच्याकडे पब्लिक आयपी, इंटरनेटवरून थेट गाठता येणारा पत्ता, आहे. ज्यांच्या राउटरवर वॅन पत्ता (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मधला दिसतो, त्यांना बाहेरून थेट आत येताच येत नाही. त्यांनी प्रोव्हायडरकडे पब्लिक आयपी मागावा. तुमचा पत्ता अधूनमधून बदलत असेल तर राउटरमध्ये डायनॅमिक डीएनएस चालू करा, म्हणजे पत्ता बदलला तरी एकाच नावाने ऑफिस सापडेल.

आता सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवतं आणि ऑफिसचं मशीन काही सापडत नाही. मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे. घरचा राउटर १९२.१६८.१ वर, ऑफिसचाही १९२.१६८.१ वर, त्यामुळे लॅपटॉप ते मशीन घरातच शोधत बसला होता. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.४७ सारख्या आडवळणाच्या पत्त्यावर न्या. प्रिंटरला हाताने पत्ता दिलेला असेल तर तोही त्याच दिवशी बदला, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई बंद.

आणि हिशेबाची फाइल व्हीपीएनवरून थेट घरच्या लॅपटॉपवर उघडू नका. मधेच लाइन तुटली तर डेटा बिघडू शकतो. रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवरच काम करा, तिथे स्क्रीनचं चित्र तेवढं ये-जा करतं. मशीनचं स्लीप बंद ठेवा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वीज आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय असेल तर तो निवडा.

सगळं झालं की ऑफिसातच बसून, लॅपटॉपचं वायफाय मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून एकदा आत शिरून बघा. काही अडलं तर राउटर समोरच आहे.