लिनक्स सर्व्हरवर डेस्कटॉप चालू आहे का, लांबून कसं ओळखायचं?

प्रश्न: एसएसएचने (लांबून टर्मिनल उघडून) आत गेलो, 'एको डॉलर डिस्प्ले' टाकलं, काहीच आलं नाही. म्हणजे तिथे जीयूआय (खिडक्यांचा डेस्कटॉप) नाहीच ना?

तेवढ्यावरून धरून चालू नका. 'डिस्प्ले' हा व्हेरिएबल फक्त तुमच्या सेशनचा असतो, तिकडे मशिनसमोर कोणी गनोम डेस्कटॉप उघडून बसलं असलं तरी तुम्हाला रिकामंच दिसणार. उलटंही होतं बरं का, एसएसएचला -एक्स (तिकडच्या खिडक्या आपल्याकडे दाखवायचा पर्याय) लावून गेलात की 'लोकलहोस्ट:10.0' दिसतं आणि वाटतं सापडलं, पण ती तुमच्याच लॅपटॉपची स्क्रीन असते.

प्रश्न: 'सिस्टमसीटीएल गेट-डिफॉल्ट'ला (मशिन बूट होऊन कुठल्या अवस्थेत जातं ते सांगणारी कमांड) ग्राफिकल.टार्गेट आलं. आता तरी नक्की?

अजून नाही. उबंटू सर्व्हरवर डेस्कटॉप नसतानाही हेच येतं. हे टार्गेट बूटच्या वेळी डिस्प्ले मॅनेजर (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) सुरू करायला बघतं, नसला तर एरर न देता पुढे जातं. म्हणून 'सिस्टमसीटीएल स्टेटस डिस्प्ले-मॅनेजर' चालवा, जीडीएम असो, लाइटडीएम असो की एसडीडीएम, बहुतेक ठिकाणी याच नावाने सापडतो. 'ॲक्टिव्ह (रनिंग)' आलं तर निदान लॉगिन स्क्रीन तरी वर आहे. आत कोणी आहे का ते बघायला 'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स', मग त्यातला नंबर घेऊन 'लॉगिनसीटीएल शो-सेशन 3 -पी टाइप'. एक्स11 किंवा वेलँड (लिनक्सवर खिडक्या दाखवायच्या दोन पद्धती) आलं की ग्राफिकल, टीटीवाय म्हणजे साधं टर्मिनल, तुमचं एसएसएच त्यातच येतं. युझरच्या जागी जीडीएम दिसला तर ती नुसती लॉगिन स्क्रीन, माणूस नाही.

प्रश्न: इन्स्टॉल आहे पण बंद आहे, हे कसं कळेल?

/यूएसआर/शेअर मध्ये एक्ससेशन्स आणि वेलँड-सेशन्स हे फोल्डर बघा. डेस्कटॉप टाकलेला असेल तर त्याची .डेस्कटॉप फाइल तिथे असते.

प्रश्न: डिस्प्ले मॅनेजर नाहीच, तरी एक सहकारी रोज डेस्कटॉप वापरतो. कसं काय?

बहुतेक व्हीएनसी (लांबून डेस्कटॉप वापरायचं सॉफ्टवेअर) किंवा तसंच एक्सआरडीपी असणार, त्याचा एक्स सर्व्हर (खिडक्या काढणारा प्रोग्राम) वेगळा चालतो, डिस्प्ले मॅनेजर लागतच नाही. 'सुडो एसएस -टीएलएनपी' मारा, उघडे पोर्ट दिसतील, त्यात 5901 दिसला तर व्हीएनसीचा डिस्प्ले :1, 3389 दिसला तर बहुतेक एक्सआरडीपी. आणि 5901 च्या आधी 0.0.0.0 (म्हणजे मशिनच्या सगळ्या नेटवर्कवर उघडं) असेल तर कृपया आजच ते लोकलहोस्टवर आणा आणि एसएसएच टनेलने वापरा, असं उघडं ठेवू नका.

प्रश्न: डेस्कटॉप नको आहे, बंद करू?

'सिस्टमसीटीएल सेट-डिफॉल्ट मल्टी-युझर.टार्गेट' (डेस्कटॉपशिवायची अवस्था) करा, ते पुढच्या बूटपासून लागू होतं. सेट-डिफॉल्टच्या जागी 'आयसोलेट' वापरलं तर ते मात्र त्याच क्षणी डेस्कटॉप पाडतं, कोणाचं सेव्ह न केलेलं काम उघडं असेल तर गेलंच, त्यामुळे आधी लॉगिनसीटीएल बघा आणि त्या माणसाला विचारा.