आपला विकी, आपला सर्व्हर : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात स्वतःच्या सर्व्हरवर विकी (वाचणाऱ्यालाच ब्राउझरात पानं दुरुस्त करता येतात अशी साइट) चालवण्याचा ओझरता उल्लेख केला आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांचा विकी उभा राहिलेला आहे, घोडं अडलंय ते त्यापुढे. कुठला विकी घ्यावा हे विचारणारं पत्र एकच आहे, तेव्हा सुरुवात त्यापासून करते.

ताई, आम्ही दहा-बारा अनुवादक मिळून परिभाषाकोश तयार करतो आहोत. आजवर सगळं स्प्रेडशीटमध्ये होतं, आता विकी करायचा आहे. एक जीबी मेमरीचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतलाय. सगळे म्हणतात मीडियाविकी हे सॉफ्टवेअरच घ्या, विकिपीडिया त्यावरच चालतो. घ्यावा का? – एक अनुवादक

विकिपीडिया त्यावर चालतो हे खरं आहे, आणि तुम्ही तो न घेण्याचं कारणही तेच आहे. हजारो अनोळखी माणसं एकाच वेळी लिहितात, भांडतात, साचे बनवतात, पानांचं वर्गीकरण करतात, त्या पसाऱ्यासाठी ते सॉफ्टवेअर घडलं. त्याला डेटाबेस लागतो, पाठीमागे साठणारी कामं उरकायला सोय लागते, आणि दर नव्या आवृत्तीबरोबर डेटाबेसची रचना बदलून घ्यावी लागते. एक जीबीत ते चालेल, पण त्याची सेवा करायला तुमच्यातला एक जण कायमचा अडकेल. त्याला विचारलंय का?

तुमच्यासाठी डोकूविकी हे साधं विकी सॉफ्टवेअर पुरे. २००४ पासून तो आहे आणि त्याला डेटाबेस लागतच नाही. प्रत्येक पान म्हणजे ‘डेटा’ फोल्डरात पडलेली एक साधी मजकुराची फाइल. जुन्या आवृत्त्या त्यातल्याच ‘अ‍ॅटिक’ फोल्डरात, चित्रं ‘मीडिया’त, सेटिंग आणि सभासदांची यादी ‘कॉन्फ’मध्ये. ‘डेटा’ आणि ‘कॉन्फ’ रोज रात्री दुसऱ्या मशीनवर कॉपी झाले की बॅकअप झाला. उद्या डोकूविकी बंद जरी पडला तरी तुमचा कोश कुठल्याही एडिटरमध्ये उघडेल. वॉर्ड कनिंगहॅमने २५ मार्च १९९५ रोजी पहिला विकी खुला केला तेव्हा त्याला तरी यापेक्षा जास्त काय हवं होतं? ब्राउझरात पान उघडावं, तिथेच दुरुस्त करावं, जतन करावं.

एका परिस्थितीत मात्र मी स्वतः मीडियाविकी सुचवेन. तुमच्या गटातले निम्मे लोक चिन्हांची भाषा पाहूनच मागे हटणारे असतील, तर त्यातला व्हिज्युअल एडिटर (जसं दिसेल तसंच लिहू देणारा) कामाचा आहे. आवृत्ती १.३५ पासून तो मुख्य पॅकेजमध्येच येतो. पूर्वी त्यासाठी वेगळी सर्व्हिस चालवावी लागे, तो जाच संपला.

आणखी एक. डोमेन, सर्व्हर आणि विकीचा अ‍ॅडमिन, तिन्हींच्या चाव्या निदान दोघांकडे असू द्या.

डोकूविकीत विचित्र प्रकार होतोय. ‘देखभाल’ नावाचं पान जतन होतं, पण ‘पाणीपुरवठा यंत्रणेच्या देखभालीचे वेळापत्रक’ जतन होत नाही. फोल्डरच्या परवानग्या तीनदा तपासल्या. एका पानाचा तर मजकूर जतन होतो, पण त्याची जुनी आवृत्ती सापडत नाही. – एक अभियंता

परवानग्यांना हात लावू नका, त्या ठीक आहेत. गडबड नावाच्या लांबीची आहे, आणि इंग्रजीत काम करणाऱ्याला ती जन्मात दिसत नाही.

डोकूविकी मूळ सेटिंगमध्ये पानाचं नाव फाइलला देताना जगातल्या कुठल्याही सर्व्हरला पचेल अशा रूपात फोडतो. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) तीन बाइटचं. प्रत्येक बाइट लिहायला टक्क्याचं एक चिन्ह आणि त्यापुढे दोन खुणा. म्हणजे एका अक्षराला नऊ जागा लागल्या. इथे अक्षर म्हणजे शाळेतलं अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, प्रत्येकाची मोजणी वेगळी. ‘त्र’ तुम्हाला एक दिसतो, सर्व्हरला तो त, हलन्त आणि र असा तिघांचा दिसतो, म्हणजे सत्तावीस जागा.

लिनक्सवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच जातं. तुमच्या लांबलचक नावात अशी ३९ चिन्हं आहेत. नऊने गुणा, ३५१ झाले. मधल्या तीन अधोरेषा आणि शेवटचं ‘डॉट टीएक्सटी’ धरून ३५८. फाइल बनणारच नाही.

दुसरं कोडंही यातच सुटतं. २७ चिन्हांचं नाव पानाला जेमतेम बसतं: २४३ अधिक ४. पण जुनी आवृत्ती ठेवताना त्याच नावापुढे वेळेचा दहा आकडी शिक्का आणि ‘टीएक्सटी डॉट जीझेड’ लागतं, त्याला ठिपके धरून १८ जागा जातात. बेरीज २६१. पान राहिलं, इतिहास गेला. त्या पानाचं नाव मोजून पाहा, २७ च्या आसपास निघेल.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे सेटिंगच्या पानावर फाइलनावांच्या एन्कोडिंगचा जो पर्याय आहे (फाइलीत त्याला ‘एफएनएनकोड’ म्हणतात) तो ‘यूआरएल’वरून ‘यूटीएफ-८’वर न्यायचा. मग तेच नाव १२० बाइटांत मावतं, आणि सर्व्हरवर फाइलींची यादी काढली की मराठी नावं दिसतात. पण हे काम विकी रिकामा असताना करायचं. पानं तयार झाल्यावर नुसता पर्याय बदललात तर डोकूविकी नव्या रूपातली नावं शोधेल, डिस्कवर जुन्या रूपातली असतील आणि मराठी नावाची सगळी पानं एका क्षणात गायब झाल्यासारखी वाटतील. तसं झालं तर घाबरू नका, पर्याय मागे फिरवला की ती परत दिसतात. बदलायचंच असेल तर आधी बॅकअप घ्या, मग पानं, अ‍ॅटिक, मेटा (पानांच्या नोंदी) आणि मीडियाच्या तिन्ही (चित्रं, त्यांच्या जुन्या आवृत्त्या, त्यांच्या नोंदी) फोल्डरांतली नावं छोट्या स्क्रिप्टने उलगडून घ्या, आणि पर्याय शेवटी बदला.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. नावं तोडा. डोकूविकीत अपूर्णविराम दिला की फोल्डर होतो. ‘पाणीपुरवठा:देखभाल:वेळापत्रक’ असं लिहिलंत की प्रत्येक तुकड्याला स्वतःचे २५५ बाइट मिळतात. शिवाय कुणी काय वाचावं नि काय बदलावं याचे हक्कही त्या फोल्डरांवरच लावता येतात, त्यामुळे ही मांडणी आज ना उद्या करावीच लागते.

माझ्या डोकूविकीतलं बंद पान मित्राने लॉगिन न करता वाचून दाखवलं! हक्कांची यादी अगदी बरोबर लावली आहे. वेब सर्व्हर (पानं ब्राउझरला देणारं सॉफ्टवेअर) एनजिनएक्स आहे. – एक विद्यार्थी

शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. डोकूविकीच्या फोल्डरांत ‘एचटीअ‍ॅक्सेस’ नावाच्या फाइली असतात. ‘डेटा’, ‘कॉन्फ’, ‘इंक’ आणि ‘बिन’ बाहेरच्यांना देऊ नका, असं त्या अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरला सांगतात. एनजिनएक्स त्या फाइली वाचतच नाही. तुमच्या मित्राने विकीला पान मागितलंच नाही, त्याने ब्राउझरात थेट फाइलीचा पत्ता टाकला आणि सर्व्हरने ती मुकाट्याने दिली. हक्कांची यादी विकीच्या आत लागू होते, तो आत शिरलाच नव्हता.

एनजिनएक्सच्या साइट फाइलीत या चार फोल्डरांसाठी स्वतंत्र ‘लोकेशन’ नियम लिहून प्रवेश नाकारा. त्याहून पक्कं म्हणजे ‘सेव्हडिर’ सेटिंगने ‘डेटा’ फोल्डर वेबच्या मुळाबाहेरच (सर्व्हर ज्या फोल्डरातून साइट देतो त्याच्या बाहेर) हलवा. जिथे सर्व्हरचा हातच पोचत नाही तिथली फाइल तो देणार कुठून? मग स्वतःच चोर व्हा: लॉगआउट करून ‘डेटा’तल्या ‘पेजेस’मधल्या ‘विकी’ फोल्डरातली ‘डोकूविकी डॉट टीएक्सटी’ ही फाइल पत्त्याने मागा. ४०३ (प्रवेश नाही) किंवा ४०४ (फाइल सापडली नाही) आला तर दार बंद आहे. मजकूर दिसला तर उघडं आहे.

सभासदांची यादी पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या फाइलीत असते आणि तिच्या सुरुवातीलाच बाहेर पडण्याची आज्ञा असते, त्यामुळे पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूपं) या वाटेने सहसा फुटत नाहीत. पण कुठल्या पानावर कुणी वायफायचा किंवा बँकेचा पासवर्ड लिहून ठेवला असेल तर तो फुटला असं धरा आणि आजच बदला. इन्स्टॉलची पीएचपी फाइल अजून तिथेच असेल तर तीही काढून टाका.

आमच्या संस्थेत मीडियाविकी आहे. हिशेब विभागाची पानं इतरांना दिसू नयेत यासाठी कुठलं एक्स्टेन्शन (जोडसॉफ्टवेअर) चांगलं? – एक कार्यालय अधीक्षक

कुठलंच नाही. अशी एक्स्टेन्शनं मिळतात, पण मीडियाविकी मुळात सगळ्यांनी सगळं वाचावं या कल्पनेवर बांधलेला आहे. लपवलेल्या पानाचा मजकूर दुसऱ्या पानात साच्यासारखा ओढून घेता येतो, शोधाच्या निकालात त्याच्या ओळी डोकावतात, अलीकडील बदलांत सारांश दिसतो, निर्यातीत सगळं बाहेर पडतं. एक भोक बुजवलं की दुसरं सापडतं. हिशेब विभागाला वेगळा विकी द्या, वेगळ्या डेटाबेसवर.

पूर्ण विकी बाहेरच्यांना बंद करणं मात्र सोपं आहे. ‘लोकलसेटिंग्ज’ फाइलीत अनामिक गटाचे वाचन, संपादन आणि खातं उघडणं हे तीन हक्क काढून घ्या. एवढ्यावर लोक थांबतात आणि चित्रं विसरतात. ‘इमेजेस’ फोल्डरातली पावती ज्याला पत्ता ठाऊक आहे त्याला सर्व्हर लॉगिन न मागता देतो. तो फोल्डर वेबच्या मुळाबाहेर न्या आणि फाइली ‘आयएमजी-ऑथ’ या स्क्रिप्टमार्फत द्या, म्हणजे आधी वाचनाचा हक्क तपासला जाईल.

चार एमबीची पीडीएफ चढत नाही. पीएचपीची मर्यादा वाढवली तरी ४१३ चूक येते. – एक शिक्षिका

४१३ (पाठवलेलं फार मोठं आहे) हा एनजिनएक्सचा आहे, फाइल पीएचपीपर्यंत पोचलीच नाही. ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ मुळात १ एमबी असतं, ते वाढवा. पीएचपीत दोन मर्यादा आहेत: एका फाइलीची, मुळात २ एमबी, आणि एकूण पाठवणीची, मुळात ८. दुसरी पहिलीपेक्षा मोठी हवी. एनजिनएक्स आणि पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) दोन्ही रीलोड करा. विकी मीडियाविकी असेल तर पीडीएफ हा प्रकारही परवानगीच्या यादीत घालावा लागेल, नाहीतर पुढच्या दारात पुन्हा अडाल.

मीडियाविकी नव्या सर्व्हरवर हलवला. इंग्रजी पानं ठीक आहेत, मराठीची वाट लागली. डेटा गेला का? – एक ग्रंथपाल

काय दिसतंय यावर ते ठरेल, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. डेटाबेसला एखाद्या मराठी शीर्षकाचं हेक्स रूप (दर बाइटला दोन खुणा) विचारा. सुरुवात ‘ई०’ आणि पाठोपाठ ‘ए४’ किंवा ‘ए५’ असेल तर मजकूर धडधाकट आहे, फक्त दाखवताना चुकतंय. ‘सी३’, ‘ए०’ अशी सुरुवात असेल तर आधीच यूटीएफ-८ असलेल्या मजकुराला कुणीतरी लॅटिन समजून पुन्हा एकदा एन्कोड केलंय. ते उलटं फिरवता येतं. पण ‘३एफ’, ‘३एफ’, ‘३एफ’ अशी रांग दिसली तर तिथे खरोखरच प्रश्नचिन्हं जतन झाली आहेत. त्या प्रतीतून मराठी परत येणार नाही, मूळ सर्व्हरकडेच जावं लागेल.

मीडियाविकी मजकूर बहुधा बायनरी म्हणून ठेवतो. तेव्हा डंप (डेटाबेसची फाइलीत काढलेली प्रत) काढताना आणि नव्या जागी भरताना, दोन्ही वेळा कॅरेक्टर सेट ‘बायनरी’ सांगा. मधे ती फाइल एडिटरमध्ये उघडून ‘सहज’ जतन करू नका.

मीडियाविकीत वर्गाच्या (कॅटेगरीच्या) पानावर ‘ळ’ची पानं ‘ल’ आणि ‘व’च्या मधे येतात. आमच्याकडे ‘ळ’ ‘ह’नंतर! – एक कोशकार

युनिकोडच्या तक्त्यात तो तिथेच बसलाय, आणि मीडियाविकी मुळात तक्त्याच्या क्रमानेच लावतो. ‘कॅटेगरी कोलेशन’ या वर्णक्रमाच्या सेटिंगला ‘यूसीए-एमआर’ (मराठी क्रम) द्या, पीएचपीचं ‘इंटल’ एक्स्टेन्शन चालू आहे का पाहा, आणि ‘अपडेट कोलेशन’ ही देखभाल स्क्रिप्ट एकदा चालवा. ती चालवल्याशिवाय जुनी पानं हलत नाहीत.

आमचा मीडियाविकी १.२७ वर अडकलाय. थेट १.४३ वर उडी मारता येईल? – तेच कार्यालय अधीक्षक, दुसऱ्या पत्रात

नाही. आता मागच्या दोन दीर्घकालीन (दुरुस्त्या जास्त काळ मिळणाऱ्या) आवृत्त्यांपासूनच वर चढायची हमी असते. १.४३ साठी त्या १.३५ आणि १.३९. तेव्हा आधी १.३५, मग १.४३. अडचण अशी की १.४३ ला पीएचपी ८.१ किंवा पुढची लागते आणि १.३५ ला ७.४ बरी. ७.४ ला सुरक्षा दुरुस्त्या मिळणं २०२२ मध्येच थांबलं, म्हणून ती बाहेर उघड्या सर्व्हरवर बसवू नका. मधली पायरी इंटरनेटला न जोडलेल्या कंटेनरमध्ये (मशीनमधल्या वेगळ्या बंदिस्त जागेत) डेटाबेसच्या प्रतीवर चढा, अपडेट स्क्रिप्ट चालवा, तिथून डंप काढा आणि तो नव्या सर्व्हरवर १.४३ ला द्या. त्या काळात मूळ विकी ‘फक्त वाचन’वर ठेवा, नाहीतर मधल्या दिवसांतलं लेखन मागेच राहील. जुनी एक्स्टेन्शनं सुरुवातीला सगळी बंद ठेवा आणि अपडेट झाल्यावर एकेक करून चालू करा, नव्या आवृत्तीशी जुळणारी प्रत उतरवून.